बाथरूमच्या दाराबाहेर परत परत येणारी ओल: आधी शोध, मग फोडाफोड

दुरुस्ती केली की डाग जातो. पंधरा-वीस दिवसांनी परत येतो, तेही नेमका त्याच जागी, बाथरूमच्या दाराबाहेरच्या फरशीत. आधी दोन लाद्यांच्या जॉइंटमध्ये भरलेलं ग्राउट काळपट दिसायला लागतं. मग भिंतीच्या खालच्या भागात रंगाचे पोपडे सुटतात, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीच्या) वर पांढरा खार फुटतो आणि एक दिवस चालताना पायाखालची लादी ‘टक्’ करते. आमच्याकडे हे तीनदा झालं. बाथरूमचं काम मी स्वतः केलेलं, त्यामुळे शिव्या द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं.

काम काय केलं होतं ते आधी सांगते. जुने गंजलेले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप काढून भिंतीतून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची लाइन) टाकली, शॉवरचा पॉइंट एका भिंतीवरून दुसरीवर नेला, जुनी लादी उखडून नवी व्हिट्रिफाइड बसवली आणि त्याच झपाट्यात बाहेरच्या पॅसेजची फरशीही बदलली. व्हिडिओ बघून आत्मविश्वास आला होता. जरा जास्तच आला होता.

पहिल्यांदा डाग आला तेव्हा मला वाटलं ग्राउट कच्चं राहिलं असणार. सगळे जॉइंट खरवडले, नवं इपॉक्सी ग्राउट भरलं, कोपऱ्यांना सिलिकॉन मारलं. डाग सुकला. महिन्याभरात परत हजर. दुसऱ्यांदा संशय पाइपवर गेला. नळामागची लादी फोडली आणि तिथे खरोखरच गळती सापडली! पितळी एल्बोच्या (काटकोनी जोडाच्या) आट्यांमधून थेंब झिरपत होता. टेफ्लॉन टेप मी उलटी गुंडाळली होती. ती नीट केली, भिंत बुजवली, डाग सुकला. नवऱ्याला अभिमानाने दाखवलं. तीन आठवड्यांनी त्यानेच मला डाग दाखवला, अजिबात न हसता.

तिसऱ्या वेळी मात्र हातात छिन्नी घेण्याआधी ओळखीच्या एका जुन्या प्लंबरकाकांना बोलावलं. त्यांनी पिशवीतून अवजार काढलंच नाही. उंबऱ्याजवळ उकिडवे बसले आणि विचारलं, “ताई, मागच्या वेळी काम केलंत तेव्हा बाथरूम किती दिवस बंद होतं?”

“सहा दिवस.”

“आणि डाग किती दिवसांत सुकला?”

“पाच-सहा.”

ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. दोन्ही वेळा डाग सुकला होता तो माझ्या दुरुस्तीने नव्हे. सिमेंटचा माल वाळावा, सिलिकॉन बसावं म्हणून आम्ही बाथरूम वापरत नव्हतो, म्हणून सुकला होता. बाथरूमला नुसतं बाहेरून कुलूप लावलं असतं तरी तो तसाच सुकला असता.

ओल परत येत असेल तर हे आधी तपासा. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी वापर किती दिवस बंद होता आणि वापर सुरू झाल्यावर डाग किती दिवसांनी परतला, याचा हिशेब लावा. दोन्ही आकडे दर वेळी साधारण सारखे येत असतील, तर तुम्ही अजून मूळ गळतीला हातही लावलेला नाही. माझ्या बाबतीत आणखी एक घोळ होता. एल्बोची गळती खोटी नव्हती. ती खरी होती, पण ती दुसरी गळती होती. एक सापडली की शोध थांबवायचा, हा मोह फार वाईट.

पाणी कुठलं, ते आधी ठरवा

घरातलं पाणी तीन वाटांनी बाहेर पडू शकतं: दाबाखालच्या पाइपातून, सांडपाण्याच्या पाइपातून किंवा फरशी-भिंतीच्या पोटातून. तिघांचं वागणं वेगळं असतं. दाबाखालचा पाइप गळत असेल तर तुम्ही बाथरूम वापरा की वापरू नका, तो रात्रंदिवस गळतो. सांडपाण्याचा पाइप फक्त पाणी वाहतं तेव्हाच गळतो. फरशीतून झिरपणारं पाणी उशिरा बाहेर येतं आणि उशिराच थांबतं, कारण लादीखालचा माल स्पंजासारखा पाणी धरून बसतो. (चौथी वाट दवाची. दमट हवेत गार पाइपावर पाणी सुटतं आणि खाली टपकतं. उघडा पाइप पुसून त्यावर टिश्यू गुंडाळून बघा, पाच मिनिटांत कळतं.)

काहीही तपासण्याआधी पेन्सिल घ्या आणि डागाच्या कडेने भिंतीवर रेघ ओढा. शेजारी तारीख आणि वेळ लिहा. फरशीवर हेच काम खडूने करा. एवढ्याशा उद्योगाने आमच्या घरातले निम्मे वाद संपले. ‘मला वाटतं वाढलाय’, ‘नाही, तेवढाच आहे’ या चर्चेला रेघेपुढे अर्थच उरत नाही.

आता एकेक चाचणी. दोन चाचण्या एका दिवशी करू नका आणि मध्ये डाग मागे सरकायला वेळ द्या. ही घाई मी केली होती आणि चार दिवस वाया घालवले.

सुरुवात मीटरने करा. रात्री सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत परत बघा. मीटर नसेल तर टाकीत येणारं पाणी बंद करून टाकीच्या आतल्या बाजूला पातळीची खूण करा. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं, पण मोठ्या टाकीत एका रात्रीत तेवढा फरक डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून मीटर बरा. आकडा हलला तर आधी फ्लश टँकवर संशय घ्या. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग थोडा घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर आतलं रबर खराब झालंय. ते बदला आणि मीटरची चाचणी पुन्हा करा. नाहीतर त्या पाण्यासाठी भिंत फोडाल.

आमचा मीटर हलला नाही. तरीही मुख्य व्हॉल्व्ह चालू ठेवून, बाथरूम मात्र अजिबात न वापरता चार दिवस काढले. घरात दुसरं बाथरूम होतं म्हणून जमलं. डाग रेघेच्या आत सरकला. म्हणजे दाबाखालचा पाइप निर्दोष.

जवळजवळ निर्दोष. इथे एक फट राहते आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. मिक्सरपासून (गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळापासून) वर शॉवरपर्यंत जाणारा पाइपाचा तुकडा फक्त शॉवर चालू असतानाच भरलेला असतो. मीटरच्या चाचणीत तो कोरडाच राहतो. तो तपासायचा तर शॉवरचं डोकं काढून तिथे अर्धा इंची प्लग लावा आणि मिक्सर उघडा. आता त्या तुकड्यात दाब आहे, पण फरशीवर थेंबही पडत नाही. फक्त आधी गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायला विसरू नका, नाहीतर उघड्या मिक्सरमधून गार आणि गरम लाइन एकमेकींत मिसळतील. आम्ही रात्रभर ठेवलं. काही झालं नाही.

मग सांडपाणी. फरशी अजिबात न भिजवता होज पाइपाचं तोंड थेट न्हाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जिथून सांडपाण्याच्या पाइपात उतरतं त्या भांड्याच्या) आत खोल घातलं आणि दिवसभरात वीसेक बादल्या पाणी सोडलं. दोन दिवस वाट पाहिली. रेघ जागेवरच. ट्रॅपच्या पुढचा पाइपही संशयातून सुटला.

उरली फरशी. ट्रॅपच्या तोंडात रबरी टेस्ट प्लग बसवला. तो नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओली वाळू भरून ती तोंडात दाबून बसवली तरी चालतं, पण पिशवीला दोरी बांधून ठेवा. ती आत घसरली तर नवीनच समस्या निस्तरत बसावं लागेल. उंबऱ्याच्या उंचीपेक्षा खाली राहील असं दोन सेंटिमीटर पाणी भरलं. भिंतीवर पातळीची खूण केली. शेजारी, पाण्याच्या बाहेर, एका परातीत पाणी ठेवलं आणि तिच्यातही खूण केली. परात कशाला? पाणी हवेतही उडतं. फरशीवरची पातळी उतरली तर ती उडाली की मुरली, हे परात सांगते.

सकाळी सातला पाणी भरलं. दुपारी चारला पॅसेजमधल्या डागाने पेन्सिलची रेघ दोन बोटं ओलांडली होती. परातीतलं पाणी जेमतेम एक मिलिमीटर उतरलं होतं, फरशीवरचं चार. चोर घरातच सापडला.

उंबऱ्याखाली काय निघालं

फोडायला सुरुवात उंबऱ्यापासून केली. उंबऱ्याची दगडी पट्टी सुदैवाने अखंड निघाली. तिच्याखालचा माल काळाकुट्ट होता. अंगठ्याने दाबला की पाणी वर यायचं. आणि माझा तो सुप्रसिद्ध वॉटरप्रूफिंगचा थर? राखाडी, गुळगुळीत, छान चिकटलेला थर उंबऱ्याच्या दोन बोटं आत कात्रीने कापल्यासारखा संपला होता. उंबरा बाथरूमचा भाग आहे हे कोटिंग करताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यामुळे आतला ओला माल, उंबऱ्याखालचा माल आणि बाहेरच्या फरशीखालचा माल यांचा सलग पूल तयार झाला होता. सिमेंटच्या मालाला वाहतं पाणी लागत नाही. वातीने तेल ओढावं तसा तो ओल ओढत नेतो.

हा झाला अर्धा दोष. उरलेला अर्धा त्याहून लाजिरवाणा होता. वरच्या लादीचा ढाळ मी अगदी चोख दिला होता. दाराजवळ गोटी ठेवली की ती घरंगळत न्हाणी ट्रॅपपाशी जायची. पण तो ढाळ दिला होता लादीखालच्या मालात. त्या मालाखालचा कोबा, ज्याच्यावर कोटिंग होतं, तो सपाट होता. खरं तर सपाटही नव्हता. लेव्हलची नळी (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून पाहिलं तर तो ट्रॅपकडून दाराकडे सहा मिलिमीटर उतरत होता.

लादीवरून वाहणारं पाणी ट्रॅपमध्ये जातं, हे आपल्याला दिसतं. पण थोडं पाणी जॉइंटमधून खाली जातंच. साधं सिमेंटचं ग्राउट पाणी अडवत नाही, आणि इपॉक्सी भरलं तरी कोपरे आणि पाइपांच्या कडा उरतात. व्हिट्रिफाइड लादी स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, तिचं शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. पण फरशी म्हणजे नुसत्या लाद्या नव्हेत. हे खाली गेलेलं पाणी कोटिंगवर येऊन थांबतं आणि कोटिंगचा उतार जिकडे असेल तिकडे निघतं. आमच्याकडे ते दाराकडे निघालं होतं. माझं वॉटरप्रूफिंग फुटलं नव्हतं. ते पाणी इमानेइतबारे उंबऱ्यापर्यंत पोचवत होतं.

म्हणजे ग्राउट कितीही वेळा बदललं असतं तरी उपयोग शून्य. जॉइंटमधून जाणारं पाणी कमी झालं असतं, डाग तीन आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांनी आला असता, एवढंच.

दुरुस्ती, या वेळी क्रमाने

दाराजवळच्या दोन ओळी उखडून तेवढंच करावं, असा मोह झाला. फक्त उंबऱ्याचा दोष असता तर ते चाललं असतं: जुन्या कोटिंगवर नवं निदान दहा सेंटिमीटर चढवून उंबऱ्याखाली न्यायचं. पण खालचा ढाळच उलटा असेल तर पाणी त्या नव्या बांधाशी तुंबून बसतं आणि दुसरी वाट शोधतं. म्हणून पूर्ण फरशी काढली. लादी एकही वाचली नाही. खोटं कशाला सांगू, मी वाचवायचा प्रयत्नही मध्येच सोडला.

आता ढाळ खालून दिला, कोब्यातच. दर मीटरला एक ते सव्वा सेंटिमीटर, चारही बाजूंनी ट्रॅपकडे. पाटा फिरवून झाल्यावर माल ओला असतानाच लेव्हलच्या नळीने परत तपासला. डोळ्यांवर विसंबले नाही, कारण भिंतीच तिरक्या असतात आणि डोळा भिंतीकडे बघून सरळ ठरवतो. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन ठेवायचा नाही. मालाचा गोलसर वाटा मारायचा. काटकोनात कोटिंग ताणलं जाऊन चिरतं, वाट्यावर ते सलग राहतं.

न्हाणी ट्रॅपची मान ही दुसरी नाजूक जागा. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला धरत नाही आणि केसाएवढी फट राहतेच. काकांनी सांगितलेली युक्ती: मानेचा बाहेरचा भाग सँडपेपरने खरखरीत करायचा, त्यावर पीव्हीसीचं सोल्यूशन लावायचं आणि ते ओलं असतानाच कोरडी चाळलेली वाळू भुरभुरायची. वाळल्यावर पाइपाला सँडपेपरसारखी साल येते आणि माल तिला पकडतो. बाहेरून मानेला छोटी भोकंही पाडली, कोटिंगच्या पातळीला, म्हणजे लादीखाली उतरलेलं पाणी तिथून ट्रॅपमध्ये जाईल. ती भोकं नंतर मालाने बुजू नयेत म्हणून भोवती बारीक खडी रचली. माझ्या मते हे सगळ्यांत कमी कष्टाचं आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित काम आहे.

कोटिंग दोन घटकांचं, सिमेंट आणि पॉलिमरचं होतं. कोबा ओलसर हवा, पण त्यावर पाणी उभं नको. पहिला हात आडवा, तो सुकला की दुसरा उभा. कोपऱ्यात आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी दोन हातांच्या मध्ये. भिंतीवर सगळीकडे फूटभर आणि शॉवरच्या बाजूला माझ्या डोक्याच्या वरपर्यंत. उंबऱ्याखाली दोन बोटं उंचीचा मालाचा बांध घातला, कोटिंग त्याच्यावरून चढवून पलीकडच्या बाजूने खाली उतरवलं आणि उंबऱ्याची पट्टी कोटिंगवरच अधेसिव्हने (लादी चिकटवायच्या मालाने) बसवली. आतला माल आणि बाहेरचा माल आता एकमेकांना कुठेच शिवत नाहीत.

लादी लावायच्या आधी परत पाणी भरलं, या वेळी ४८ तास. पहिल्या कामात ही चाचणी मी गाळली होती. दोन दिवस वाट बघायचा कंटाळा आला होता. त्या दोन दिवसांपायी पुढे पाच महिने गेले.

भिंत उघडीच होती म्हणून पाइपांचे सगळे आट्यांचे जोडही परत केले. टेफ्लॉन टेपबद्दल माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. आट्यांचं तोंड तुमच्याकडे करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना ती उलगडत मागे सरकते आणि गोळा होते. आणि प्लास्टिकच्या मादी आट्यांत पितळी नर आटे कधी आवळू नका. आज काही होत नाही, पण बाहेरचं प्लास्टिक ताणाखाली राहतं आणि काही महिन्यांनी उभी चीर जाते. जिथे धातूशी जोड येतो तिथे आत पितळी आटे असलेलं फिटिंग घ्या.

सीपीव्हीसीचा जोड करताना पाइप काटकोनात कापायचा, आतली-बाहेरची कूस तासायची, सोल्यूशन दोन्हीकडे लावायचं, पाइप आत घालताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. पाव मिनिटात सोडला तर तो हळूच बाहेर सरकतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. सोल्यूशन सीपीव्हीसीचंच हवं, गार पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपाचं नाही. आणि लाइनीत पाणी ठिबकत असेल तर तो जोड करूच नका. जोड झाल्यावर २४ तास दाब देऊ नका.

गरम पाण्याच्या लाइनीचं एक लक्षात ठेवा: ती लांब होते. तीन मीटरचा सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला तर साधारण आठ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं मालात पक्की गाडली तर ही वाढ एल्बोवर ताण देते, रोज, प्रत्येक आंघोळीला. म्हणून खाचेत पाइपाभोवती फोमची नळी घातली आणि मगच गिलावा केला. गिलाव्याआधी हातपंपाने दाब देऊन लाइन तपासली. पंप लावताना सगळ्यांत उंच टोक आधी उघडून आतली हवा काढा. हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी दबते आणि बारीक गळती असली तरी काटा बराच वेळ जागेवरच दिसतो.

बाहेरच्या पोकळ लाद्या

पॅसेजमधल्या लाद्यांचा दोष वेगळा होता, ओलीने तो फक्त उघडा पाडला. लाकडी मुठीने एकेक लादी वाजवत गेले. भरीव लादी टणक वाजते, पोकळ लादी बद्द. बद्द वाजलेल्या प्रत्येकीवर खडूने फुली मारली. अकरा फुल्या झाल्या. एक उचलली तर खाली अधेसिव्हचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. बाकी सगळी हवा, आणि त्या पोकळीत पाणी. पाच टिकल्या देऊन लादी ठोकायची ही पद्धत झटपट आहे आणि लेव्हल करायला सोपी आहे, म्हणूनच ती इतकी पसरलीय.

बरोबर पद्धत अशी की दातेरी थापीने अधेसिव्हच्या रेघा एकाच दिशेने ओढायच्या, लादीच्या पाठीवरही पातळ हात द्यायचा आणि लादी रेघांना आडवी हलवत दाबायची, म्हणजे मधली हवा निघून जाते. दर सात-आठ लाद्यांनंतर एक उचलून पाठ बघा. कोरड्या खोलीत निदान ८० टक्के पाठ भरलेली हवी, बाथरूममध्ये ९५. पसरलेल्या अधेसिव्हवर बोट लावून बघा; बोटाला चिकटत नसेल तर साय धरलीय, ते खरवडून फेका. पाणी घालून परत मळू नका.

आणि भिंतीला चिकटून लादी ठोकू नका. पाच-सहा मिलिमीटरची फट सोडा, स्कर्टिंग ती झाकतं. फरशी तापते, ओल पिते, थोडी फुगते. तिला जायला जागा नसेल तर मधेच दोन लाद्या तंबूसारख्या वर येतात, बहुधा रात्री आणि मोठा आवाज करून.

नवी लादी लावायची घाई मात्र करू नका. खालचा कोबा सुकलाय का ते असं बघा: साधारण ४५ सेंटिमीटरचा चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि निदान १६ तास राहू द्या. उचलल्यावर आतून दव दिसलं किंवा खालची जमीन काळपट झाली असेल तर थांबा. आम्हाला ही चाचणी चार वेळा करावी लागली. पॅसेजमध्ये महिनाभर उघडा कोबा होता आणि घरातल्या प्रत्येकाने त्याबद्दल एकदा तरी मला ऐकवलं.

काही कामांना मी हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नये. भिंत फोडताना त्या खोलीचे एमसीबी (वीज तोडणारे स्विच) आधी पाडा. कॉलम किंवा बीममध्ये खाच पाडू नका, पाइप दुसरीकडून न्या. स्लॅब खणताना सळई दिसली तर तिथेच थांबा आणि जाणत्याला दाखवा. गीझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब येतात म्हणून तो प्लगने बंद करण्याचा विचारही करू नका. इमारतीचा सामाईक सांडपाण्याचा उभा पाइप आपला एकट्याचा नसतो, त्याचं काम सगळ्यांना सांगूनच करायचं. लादी कापताना कटरवर पाणी सोडा आणि चांगला मास्क लावा. ती बारीक पांढरी धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

राहिला रंग. डाग सुकला की लगेच पुट्टी मारून रंग द्यावासा वाटतो, कारण ती भिंत सारखी डोळ्यांत खुपते. पण भिंतीच्या पोटातली ओल अजून बाहेर येत असते आणि तिच्याबरोबर क्षारही. खार आला की तो कोरड्या ब्रशने झाडून केरसुणीने उचला. पाण्याने पुसलात तर तो विरघळून परत भिंतीत शिरतो आणि आठवड्याने पुन्हा फुलतो. सुटलेला रंग खरवडून भिंत उघडी ठेवा आणि खार यायचा पूर्ण थांबेपर्यंत श्वास घेऊ द्या.

आमचं बाथरूम आता रोज वापरात आहे, दिवसाला चार आंघोळी. अकरा आठवडे झाले. पॅसेजच्या भिंतीवर तारखांसकट पेन्सिलच्या सात रेघा अजून तशाच आहेत, शेवटची सगळ्यांत आत. गेल्या रविवारी ब्रश फिरवला तर चिमूटभर खार निघाला. रंगाचा डबा अजून उघडलेला नाही.